मोजणीआधीचे प्रश्न : स्त्रीवाद आणि संख्याशास्त्र

१९७१ साली केंद्र सरकारनं देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्ष होत्या, पुढे वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या. १९७४च्या अखेरीस समितीनं दिलेला अहवाल ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ या नावानं ओळखला जातो. स्वातंत्र्य मिळालं, राज्यघटनेनं समान हक्क दिले, मुली कॉलेजात जाऊ लागल्या, तेव्हा बायकांचं बरं चाललं असणार, अशी शिकल्यासवरल्या वर्गाची समजूत होती. जनगणनेच्या तक्त्यांनी ती खोटी ठरवली. १९०१ साली देशात दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ साली उरल्या ९३०.

हे आकडे कुणी लपवले नव्हते. दर दहा वर्षांनी ते छापले जात होते आणि लोकसंख्येचे अभ्यासक त्यांवर लिहीतही होते. पण ते स्त्रियांच्या जगण्यामरण्याबद्दल काय सांगतात, हा प्रश्न सरकारपुढे जाब विचारल्यासारखा ठेवला तो या अहवालानं. भारतातल्या स्त्री-अभ्यासाची पायाभरणी त्यातून झाली. त्याच १९७४ साली मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी स्त्रियांविषयीच्या संशोधनाचं देशातलं पहिलं केंद्र सुरू केलं.

स्त्रीवाद म्हणजे चळवळ आणि संख्याशास्त्र म्हणजे कोरडं गणित, या दोहोंचा काय संबंध, असं अनेकांना वाटतं. संबंध जुना आहे आणि दोन्ही बाजूंनी खोल आहे. आकडेमोड मोजणीनंतर सुरू होते. त्याआधी कुणाला मोजायचं, कोणत्या रकान्यात, कुणाच्या तोंडून आणि कोणत्या व्याख्येनं, हे ठरवावं लागतं. हे ठरवताना झालेल्या चुका पुढे कितीही मोठा नमुना घेतला तरी निघत नाहीत. त्या शोधून दाखवण्याचं काम गेल्या शतकभरात स्त्रीवादी अभ्यासकांनी आणि कार्यकर्त्यांनी केलं. त्यातून हे शास्त्र पक्षपाती झालं नाही, अधिक अचूक झालं, हे या आढाव्यातून मांडायचं आहे.

पट्टी कुणाच्या हातात

आधुनिक संख्याशास्त्राची घडण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये झाली. फ्रान्सिस गाल्टन आणि कार्ल पिअर्सन यांनी सहसंबंध आणि समाश्रयणाची साधनं तयार केली, आणि दोघेही सुप्रजननवादाचे कट्टर पुरस्कर्ते होते. माणसामाणसांतली, वंशावंशांतली उच्चनीचता मापानं सिद्ध करता येईल, असा त्यांचा विश्वास होता. १८८६ साली गाल्टननं २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं यांच्या उंचीवर प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात प्रत्येक स्त्रीची उंची त्यानं १.०८नं गुणली आणि मगच ती हिशेबात धरली. गणितासाठी ती सोय होती, हे खरं. पण मूळ माप पुरुषाचं आणि स्त्रीचं माप त्यात बसवून घ्यायचं, ही सवय त्या सोयीत दिसते. औषधांच्या चाचण्यांपासून यंत्रांच्या आकारापर्यंत ती पुढे बराच काळ टिकली.

या पट्टीला पहिलं उत्तर स्त्रियांनीच दिलं, तेही पट्टी हातात घेऊन. पिअर्सनच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ॲलिस ली यांनी कवटीच्या आकारमानाचा अभ्यास केला. मोठी कवटी म्हणजे मोठी बुद्धी आणि स्त्रियांची कवटी लहान म्हणून बुद्धीही कमी, असं त्या काळचे शरीररचनातज्ज्ञ सांगत. ली यांनी १८९८ साली डब्लिनच्या परिषदेत जमलेल्या नामवंत तज्ज्ञांचीच डोकी मोजली, आणि बेडफर्ड कॉलेजच्या विद्यार्थिनींचीही. काही थोर प्राध्यापकांची कवटी काही विद्यार्थिनींपेक्षा लहान निघाली. कवटी आणि बुद्धी यांचा संबंध मापानं सिद्ध होत नाही, हे त्यांनी मापानंच दाखवलं.

तीसेक वर्षांनी असंच काम एका मराठी स्त्रीनं बर्लिनमध्ये केलं. इरावती कर्वे तिथे ऑयगेन फिशर या वंशवादी मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतली असमानता आणि वंशाची श्रेष्ठता यांचा संबंध असल्याचं फिशरचं गृहीतक होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध सापडत नाही, असा निष्कर्ष लिहिला. मार्गदर्शकाला नको असलेला निष्कर्ष परदेशी विद्यार्थिनीनं लिहायला किती धैर्य लागलं असेल!

आकड्यांतून सत्तेला हलवता येतं, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्याही आधी ओळखलं होतं. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मरतात, हे त्यांनी रंगीत वर्तुळाकृती आलेखांतून सरकारला दाखवलं. १८५८ साली लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनं त्यांना सदस्यत्व दिलं. त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री-सदस्य त्याच. १८३४ साली स्थापन झालेल्या या संस्थेला पहिल्या स्त्री-अध्यक्ष, स्टेला कनलिफ, मिळायला मात्र १९७५ साल उजाडलं.

काम कोणतं आणि कामकरी कोण

स्त्रीवाद आणि संख्याशास्त्र यांच्यातला सर्वांत लांबलेला झगडा कामाच्या व्याख्येवरून आहे. आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक माणसाच्या कामाला एक संकेतांक मिळतो. फक्त घरकाम करणाऱ्या व्यक्तीला ९२. घरकामाबरोबर घरच्या वापरासाठी भाजीपाला, कंदमुळं, सरपण, गुरांचा चारा गोळा करणाऱ्या किंवा शिवणकाम, विणकाम करणाऱ्या व्यक्तीला ९३. हे दोन्ही संकेतांक ‘श्रमशक्तीबाहेर’ धरले जातात. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन डोंगर उतरणारी बाई सरकारी हिशेबात काम करत नाही, आणि काम शोधतही नाही.

यातली विसंगती नीट पाहण्यासारखी आहे. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार सरपण गोळा करणं आणि पाणी भरून आणणं हे उत्पादन आहे. स्वयंपाक, मुलांचं संगोपन आणि आजाऱ्याची सेवा हे मात्र उत्पादन नाही. म्हणजे एका पद्धतीनं जे उत्पादन ठरतं, ते करणारी व्यक्ती दुसऱ्या पद्धतीनं कामकरी ठरत नाही. अर्थतज्ज्ञ पिगू यांनी १९२०मध्येच लिहून ठेवलं होतं की एखाद्यानं आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केलं, तर काम तेवढंच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटतं. अडचण माहीत असूनही व्याख्या बदलली नाही. न्यूझीलंडच्या मेरिलिन वेअरिंग यांनी १९८८ साली ‘इफ विमेन काउंटेड’ या पुस्तकात या पद्धतीची सविस्तर चिरफाड केली, तेव्हा हा वाद अर्थशास्त्राच्या वर्गाबाहेर आला.

भारतात हे काम त्याआधीच सुरू झालं होतं. १९७०च्या दशकात अर्थतज्ज्ञ देवकी जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या काही गावांत स्त्री-पुरुषांचा दिवस प्रत्यक्ष पाहून नोंदवला. पाहणीच्या अर्जावर ज्यांच्या नावापुढे ९३ लागला असता, अशा बायका शेतात राबत होत्या, गुरं सांभाळत होत्या, धान्य साफ करत होत्या. चूक त्यांच्या उत्तरांत नव्हती, प्रश्नात होती. ‘तुमच्या घरातल्या बाया काम करतात का?’ असं कुटुंबप्रमुखाला विचारलं की ‘नाही, घरीच असतात’ हे उत्तर ठरलेलं. ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?’ असं त्या बाईलाच विचारलं की चित्र पालटतं.

अशा अभ्यासांनी आणि चळवळीच्या रेट्यानं १९९१च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नाला एक पुस्ती जोडली गेली : शेतावर किंवा घरच्या उद्योगात केलेलं बिनमोबदल्याचं कामही यात धरावं. तीन वर्षं आधी, १९८८ साली, इला भट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं ‘श्रमशक्ती’ अहवालात असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांच्या कामाची मोठी नोंद केली होती.

पुढचं पाऊल वेळेच्या मोजणीचं. १९९८-९९ साली अर्थतज्ज्ञ इंदिरा हिरवे यांच्या मार्गदर्शनाखाली सहा राज्यांत प्रायोगिक पाहणी झाली. देशव्यापी पाहणीला मात्र २०१९ साल लागलं. या पाहणीत पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या खणांत भरून घेतात. तिच्यातून दिसलं की ८१.२ टक्के स्त्रिया दिवसाकाठी बिनपगारी घरकाम करतात, आणि पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के आहे. जे घरकाम करतात त्यांच्यातही स्त्रियांचा वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आले. स्त्रियांची दहा मिनिटं कमी झाली, पण ती पुरुषांनी उचलली नाहीत, कारण त्यांचाही वेळ घटला.

आकडा वाढला तरी तपासायची शिस्त सोडून चालत नाही. श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा कामातला सहभाग २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. त्यात घरच्या शेतावर, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. ही खरी संधी, अडचणीपोटी वाढलेली ओढाताण, की आधी सुटलेल्या कामाची आता झालेली नोंद, यावर अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. स्त्रीवादी नजरेचा उपयोग इथेही होतो, कारण ती टक्केवारीवर न थांबता मोबदला कुणाच्या हातात पडतो, हे विचारते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सातबाराची धार आहे. पेरणीपासून खुडणीपर्यंतचं बरंचसं काम बाया करतात, पण २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहिवाटदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच. शेतकरी कोण हे जमिनीच्या कागदावरून ठरत असेल, तर शेतकरी बाईनं जीव दिला तरी तिची नोंद गृहिणी म्हणून होण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२० आणि २०२१च्या अहवालांत आत्महत्या केलेल्या गृहिणींची संख्या दर वर्षी वीस हजारांवर आहे. त्यांतल्या कितीजणी शेतात राबणाऱ्या होत्या, हे तो रकाना सांगत नाही. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली, ती ही पोकळी भरण्यासाठीच. जमीन नावावर झाली का, पेन्शन मिळते का, रेशनकार्ड वेगळं झालं का, हे प्रश्न तेव्हा त्या बायांना थेट विचारले गेले.

अंगावर काढलेल्या दुखण्याची गणती

बायकांच्या आजारांचे आकडे पूर्वी दवाखान्यांतून येत. दवाखान्यात जी येत नाही, ती त्या आकड्यात नसते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ही पद्धतच उलटी केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची, तक्रार असो वा नसो, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि सरासरी एकीला ३.६. याआधी कधी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’नं हा निबंध छापला. स्त्रीचं आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, एवढ्यापुरता विचार करणाऱ्या धोरणकर्त्यांना त्यानं जागं केलं. दोन खेड्यांतल्या अभ्यासाला एवढं वजन आलं, कारण नमुना दवाखान्याच्या रांगेतून न घेता घराघरातून घेतला होता.

बीडची गोष्ट अलीकडची. ऊसतोडीला जाणारं जोडपं मिळून ‘एक कोयता’ धरलं जातं. मुकादमाकडून मिळणारी उचल जोडप्याला आणि हिशेब बहुधा नवऱ्याशी. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळीचा त्रास, पांढरं जाणं, पोटदुखी हे सगळं फडात अंगावर काढायचं, आणि असह्य झालं की पिशवी काढून टाकायची. गावोगावी हे माहीत होतं, संख्या कुठेच नव्हती. बातम्या आणि संघटनांच्या पाठपुराव्यानंतर २०१९ साली राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हे प्रमाण जवळपास १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं २०१५-१६मध्ये हा प्रश्न पहिल्यांदा विचारला, तेव्हा १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशपातळीवर ३.२ टक्के हे प्रमाण आलं होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत सारखी नाही, तरी दरी डोळ्यात भरते. देशाच्या सरासरीत बीडची ऊसतोड बाई दिसेनाशी होते. तिला वेगळं मोजलं तेव्हाच ती दिसली.

न बोललेल्याची नोंद

घरातली हिंसा मोजणं सर्वांत अवघड. पोलिसांत नोंदलेले गुन्हे आणि घडलेले गुन्हे यांच्यात मोठं अंतर असतं. शिवाय गुन्हे नोंदणी विभागाच्या पद्धतीत एका प्रकरणातला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतात. बलात्कार करून खून झाला, तर मोजणीत खून धरला जातो. आणि एखाद्या राज्यात नोंदी वाढल्या, तर हिंसाच वाढली असं म्हणता येत नाही. बायका पोलीस ठाण्याची पायरी चढू लागल्या, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

म्हणून घरोघरची पाहणी लागते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या समन्वयानं होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९८-९९ साली हिंसेचे प्रश्न आले आणि २००५-०६मध्ये त्यांचा स्वतंत्र विभाग झाला. हे प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला विचारतात, म्हणजे दुसरीला कळून बभ्रा होत नाही. ते एकांतातच विचारायचे आणि कुणी आलं तर थांबायचं. ‘तुमच्यावर अत्याचार होतो का?’ असं मोघम न विचारता ढकललं का, थोबाडीत मारली का, केस ओढले का, असं एकेक विचारतात, कारण चापट मारण्याला बऱ्याच बाया अत्याचार म्हणत नाहीत. या काळजीमागे स्त्री-चळवळीचा अनुभव आहे, आणि तिच्यामुळेच उत्तरं भरवशाची येतात. २०१९-२१च्या पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. पोलिसांचे आकडे तोकडे का, याचं उत्तर या १४ टक्क्यांत आहे.

न जन्मलेल्या मुली

१९९० साली अमर्त्य सेन यांनी जगातून दहा कोटींहून अधिक स्त्रिया ‘हरवल्या’ असल्याचं मांडलं, तेव्हा लिंगगुणोत्तर जगाच्या चर्चेत आलं. महाराष्ट्रात त्याआधीच मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी गर्भलिंगचाचणीविरुद्ध मंच उभारला होता, आणि १९८८ साली या चाचणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. केंद्राचा कायदा १९९४चा. तो कागदावरच राहिला म्हणून २००० साली ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले.

तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलांमागे मुली १९९१मध्ये ९४६, २००१मध्ये ९१३ आणि २०११मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात २०११मध्ये ८०७. एकाच जिल्ह्याचे हे दोन आकडे, न जन्मलेल्या मुलींचा आणि पिशवी काढलेल्या आयांचा, शेजारी ठेवून वाचायला हवेत.

आकड्यांवरचा अविश्वास

स्त्रीवाद्यांमध्ये मोजणीबाबत एकवाक्यता नव्हती आणि आजही नाही. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस १९६०च्या दशकात पुण्यात जर्मन शिकवत होत्या. पुढे त्यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायांवर पुस्तक लिहिलं. जागतिक बाजारासाठी माल तयार करणाऱ्या या बाया सगळ्यांच्या लेखी गृहिणी होत्या. प्रश्नावली घेऊन येणारा संशोधक बायांना माहितीचा साठा समजतो, त्यांच्यासोबत उभा राहत नाही, असा मीस यांचा आक्षेप होता. ब्रिटनच्या ॲन ओकली यांनीही सुरुवातीला मुलाखतीच्या ठरीव साच्यावर टीका केली. पुढे मात्र त्या मोजणीच्या आणि प्रयोगपद्धतीच्या ठाम समर्थक झाल्या. चांगल्या हेतूनं दिलेला उपचारही बायकांना अपायकारक ठरू शकतो आणि तो तसा आहे की नाही, हे मोजल्याशिवाय कळत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

पण मीस यांचा आक्षेप मोडीत काढण्यासारखा नाही. ‘भारतीय स्त्री’ नावाची सरासरी ना दलित शेतमजुरीण दाखवते, ना एकटी राहणारी विधवा, ना पारलिंगी व्यक्ती. २०११च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ हा पर्याय आला आणि ४,८७,८०३ जणांची नोंद झाली. कुटुंबप्रमुख या एका रकान्यावर अमेरिकेत स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यानं १९८०च्या जनगणनेतून तो काढावा लागला. आपल्याकडे तो अजून आहे. दरडोई खर्चावरून गरिबी मोजताना कुटुंबातल्या सगळ्यांच्या ताटात सारखंच पडतं, असं आपण धरून चालतो. कोणतीही बाई सांगेल की तसं नसतं.

औषधांच्या चाचण्यांत आणि नव्या तंत्रज्ञानातही काहींना मोजणीबाहेर ठेवणं घडत आलं आहे. अमेरिकेत १९७७ ते १९९३ गर्भधारणाक्षम वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळलं जात होतं. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठीची मात्रा २०१३मध्ये निम्मी करावी लागली. २०१८ साली संगणकशास्त्रज्ञ जॉय बुओलाम्विनी यांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या पुरुषांबाबत चूक एक टक्क्याच्या आत होती आणि सावळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली.

पुढच्या मोजणीसाठी

या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. स्त्रीवादानं संख्याशास्त्राला नमुना घराघरातून घ्यायला, उत्तर जिचं तिच्या तोंडून ऐकायला, सरासरी फोडून पाहायला आणि व्याख्या तपासायला लावलं. ही कोणत्याही चांगल्या संख्याशास्त्रज्ञाची कामं आहेत. आणि संख्याशास्त्रानं स्त्रीवादाला ‘आम्हाला असं वाटतं’च्या पुढे नेऊन, कायदा आणि अंदाजपत्रक हलवू शकेल असा पुरावा दिला. दोघांनाही एकमेकांची गरज आहे.

पुढची जनगणना २०२७ची आहे, १ मार्च हा तिचा संदर्भ दिनांक. जातींची गणनाही तीत होणार आहे. प्रगणक दारात येईल किंवा मोबाइलवर अर्ज भरायची वेळ येईल, तेव्हा घरातल्या पुरुषानं सगळ्यांची उत्तरं परस्पर देऊन टाकू नयेत. आई, बायको, सून, बहीण यांना बोलवा आणि त्यांनाच सांगू द्या. शेतावर जाते, दूध घालते, दुकानात बसते, पापड लाटून विकते, शिवण शिवते, हे सगळं काम आहे आणि ते तसंच नोंदवून घ्या. शिक्षक, अंगणवाडीताई आणि बचतगटातल्या बायांनी हे गावात आधीच समजावून सांगितलं, तर पुढच्या दहा वर्षांची धोरणं खऱ्या आकड्यांवर उभी राहतील.